मिरवायचं अक्षर

पेंटरकाका,

तुमच्याशी मी एकदाच खोटं बोलले, आणि त्यानंतर तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. हे आता सांगू कुणाला? काकूंना सांगायची हिंमत नाही. म्हणून तुम्हालाच सांगते. तसंही माझं बोलणं तुम्ही अर्धंच ऐकायचात, उरलेला वेळ ब्रश पुसण्यात जायचा. त्यामुळे तुमच्याकडून उत्तर येत नाही याची फारशी सवय करावी लागणार नाही, असं मी मनाला बजावून पाहिलं. काही उपयोग झाला नाही. सवय होत नाहीये.

दवाखान्यात भेटायची वेळ दुपारी चारची. मी आले तेव्हा काकू खाली चहाला गेल्या होत्या. तुमच्या नाकाला नळी होती, दोन शब्द बोललात तरी दम लागत होता. तुम्ही नुसता अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट एकमेकांजवळ आणलंत, मधे केसाएवढी फट ठेवलीत आणि माझ्याकडे बघून भुवया उडवल्यात. मला लगेच कळलं. आपल्या अक्षरातली बारीक रेघ. ती तशीच ठेवली ना, एवढंच विचारायचं होतं तुम्हाला. माणसं अशा वेळी मुलाबाळांचं विचारतात, तुम्ही रेघेचं विचारलंत. मी म्हटलं, "हो काका, तशीच आहे." तुम्ही मान हलवलीत आणि डोळे मिटलेत.

तशीच नव्हती. आठवडाभर आधीच मी ती जाड करून टाकली होती.

आपली सुरुवात तुम्हाला पाठ आहे, पण मला ती पुन्हा सांगावीशी वाटते. पुण्यातली नोकरी सोडून मी पुंडलिकनगरला आईबाबांकडे परत आले होते. माझं काम अक्षरं बनवायचं. म्हणजे संगणकावर टाइप करता येतात ती. लोक त्याला फॉन्ट म्हणतात. हे काम घरी बसूनही होतं. एका सकाळी मुकुंदवाडी स्टेशनकडे गेले होते, तर रस्त्याच्या कडेला एका बँड पथकाची जुनी गाडी उभी दिसली, भंगारात जायला निघालेली. चाकं गेलेली, आरसे फुटलेले, आणि त्या सगळ्या पडझडीत एका बाजूला तिरकी, डौलदार अक्षरं: 'मोरपंखी ब्रास बँड'. उभी रेघ चार बोटं रुंद आणि वळणावर येता येता सुतासारखी बारीक. 'मो'ची मात्रा तर अशी निघाली होती की ती गाडी सोडून पुढे जाईल की काय असं वाटावं. मी मोबाइल काढून फोटो घ्यायला लागले.

मागून आवाज आला, "काढ की फोटो. पर लिवणाऱ्याला इचारावं तरी."

मी न वळताच विचारलं, "कुणी लिहिलंय हे?"

"ह्यो काय, तुज्या मागं उभा हाय."

तुमचा तो पांढरा सदरा आठवतो, खिशापाशी निळ्या ऑइलपेंटचा डाग असलेला. बँडच्या मालकानं नवी गाडी घेतली होती, लाइटांच्या माळांची, आणि जुन्या गाडीला बघून घ्या एकदा म्हणून तुम्हाला बोलावलं होतं. तुम्ही बघत होतात. मी विचारलं, अक्षर तिरकं का? तुम्ही मला वेड्यात काढल्यासारखं पाहिलंत. म्हणालात, "वरातीची गाडी हाय ती. गाडी उभी असली तरी अक्षर चाललं पायजे." आणि मग, मी परत विचारायच्या आत, "हे मिरवायचं अक्षर हाय पोरी. वाचत बसायचं नाय."

माझ्या सगळ्या शिक्षणात मला हे असं कुणी सांगितलं नव्हतं. मोठ्या मथळ्यांसाठी वेगळं अक्षर असतं, मजकुरासाठी वेगळं, एवढं आम्ही पुस्तकातून शिकलो होतो. तुम्ही ते एका वाक्यात संपवलंत आणि पान लावायला निघून गेलात. नंतर कळलं की तुमचं घर आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून आहे, आणि बाबांच्या स्टेशनरीच्या दुकानावरची पाटीही तुमचीच. मी लहानपणी ती रोज वाचायचे. पाटीच्या कोपऱ्यात मुंगीएवढं 'शेषराव' लिहिलंय ते मात्र त्या दिवशी संध्याकाळी पहिल्यांदा पाहिलं.

ह्या अक्षराचा फॉन्ट करायचा हे मी ठरवलं. तुम्ही काही ठरवलं नव्हतं, तुम्हाला फक्त रविवारी सकाळी चहाला सोबत हवी होती. काकू म्हणायच्या, "साऱ्या शहराच्या पाट्या लिवल्या, सवताच्या दाराला मात्र पाटी नाय. पोष्टमन बी इचारत येतो." तुम्ही म्हणायचात, "पेंटरच्या घराला पाटी कशाला? कुनालाबी इचारा." आणि ते खरंच होतं. पोस्टमन विचारायचा आणि लोक बोट दाखवायचे.

पहिलं भांडण आठवतं? मी शहाणपणा केला होता. तुमची बँडच्या गाडीवरची सगळी अक्षरं काही मिळाली नव्हती, म्हणून मी तुमचीच दुसऱ्या पाट्यांवरची सरळ अक्षरं घेतली आणि संगणकात एका फटक्यात तिरकी करून टाकली. मोठ्या तोऱ्यात छापून आणली. तुम्ही कागद हातात धरलात, लांब धरलात, मग खाली ठेवलात.

"ही चालत नायती," तुम्ही म्हणालात. "ही पडायलीत."

मी वाद घातला. तिरकेपणा किती अंशाचा, तो सगळीकडे सारखा कसा, वगैरे. तुम्ही मला गच्चीवर नेलंत आणि म्हणालात, चाल. मी चालले. तुम्ही म्हणालात, आता जोरात चाल, वरात चुकायलीय समज. मी जोरात चालले. शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बाई हात थांबवून बघायला लागल्या. "बघ," तुम्ही म्हणालात, "मानूस म्होरं झुकतो, पर मागचा पाय जमिनीला धरून असतो. तुज्या अक्षराला मागचा पायच नाय." त्यानंतर तुम्ही बटर पेपरवर एक 'र' काढलात. वर झुकलेला, खाली किंचित मागे रेटलेला. मी तो घरी नेऊन संगणकावर मोजला. प्रत्येक रेघेचा कल वेगळा होता आणि तरी सगळं मिळून एका दिशेला निघालं होतं. त्या रविवारी रात्री जेवताना मी बाबांना म्हटलं की मला काहीच येत नाही. बाबा म्हणाले, उशिरा का होईना, कळलं.

मग आपण सगळी अक्षरं नव्यानं काढायला घेतली. तुम्ही चपट्या ब्रशनं बटर पेपरवर काढायचात, मी ती स्कॅन करून पुढचं करायचे. जाड रेघेला ब्रश आडवा, बारीक रेघेला ब्रशची धार. बारीक रेघ ओढताना तुम्ही श्वास रोखायचात आणि कुणी बोललेलं चालायचं नाही. काकूंनी मधेच "साखर किती घालू" विचारलं तर तुम्ही रेघ पुरी होईपर्यंत उत्तर द्यायचा नाहीत, आणि काकू तोवर चमचा धरून उभ्या राहायच्या. हा जाड-बारीकचा नाद तुम्हाला शहागंजातल्या एका उर्दू लिहिणाऱ्या उस्तादाकडून लागला होता. त्यांचा बोरू, तुमचा ब्रश. ते उजवीकडून डावीकडे जायचे, तुम्ही डावीकडून उजवीकडे. तुम्ही सांगायचात, "जाड रेघ कुनी बी भरतं. रंग असला की झालं. बारीक रेघेला हात लागतो."

आणि ती तुमची पाटी पारखायची रीत! ती पाहिली नसती तर मला अर्धं कळलंच नसतं. एका लेडीज टेलरची पाटी होती, तुमची शेवटचीच म्हणायची. शेवटचा हात फिरवून तुम्ही शिडीवरून उतरलात, रस्ता ओलांडून पलीकडे गेलात आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघत उभे राहिलात. ओळखीचा माणूस चालायचा नाही. दुकानाच्या मालकाला तर तुम्ही पाठ करून उभं करायचात, कारण त्याला नाव आधीच माहीत. पूर्ण अनोळखी माणूस हवा. मग त्याला थांबवून दोन प्रश्न. पहिला, "काय लिवलंय, वाचा बरं?" आणि दुसरा, "वाकडं तर दिसत नाय ना?" टोपीवाला दिसला तर, "भाई, जरा पढ के बताओ ना, क्या लिखा है?" तुमच्या सचिनला याची केवढी लाज वाटायची. तो मला सांगायचा, "ताई, शाळेत असताना पप्पा असे उभे दिसले की मी दुसऱ्या गल्लीनं जायचो."

त्या दिवशी एक दूधवाला थांबला. त्यानं नाव बरोबर वाचलं आणि दुसऱ्या प्रश्नावर म्हणाला, "वाकडंच हाय की सगळं!" नाव वाचता आलं आणि तिरकेपणाही त्याच्या डोळ्यांत भरला, म्हणून तुम्ही इतके खूश झालात की त्याला चहा पाजल्याशिवाय सोडलं नाहीत. पण कुणी पहिल्याच प्रश्नाला अडखळलं, तर तुमचं तोंड बघवायचं नाही. तुम्हीच सांगितलं होतंत की एका मिठाईच्या दुकानाची पाटी एका माणसाला वाचता आली नाही, तर तुम्ही टर्पेंटाइनचा बोळा घेऊन परत शिडीवर चढलात आणि सगळी पुसून टाकलीत. मालक खालून ओरडत होता, अहो, मला वाचता येतंय! तुम्ही म्हणालात, "तुला येनारच. तू कुठं गिऱ्हाईक हायस?"

मी हे सगळं ऐकलं, त्यावर हसले, आणि शिकले मात्र काहीच नाही. त्याचा पुरावा म्हणजे माझ्या चुलतबहिणीच्या लग्नाची पत्रिका.

अक्षर निम्मं-अधिक तयार झालं होतं आणि मला ते कुठेतरी वापरून बघायची घाई झाली होती. पत्रिकेवर नवरा-नवरीची नावं मोठी, त्यात घातली. सुंदर दिसली. मला राहवेना. मग वेळ, स्थळ, पत्ता, 'आपले नम्र', सगळंच मी त्याच अक्षरात घातलं, तांदळाएवढं बारीक. छपाईत बारीक रेघा निम्म्या उडाल्या. कार्यालयाचं नाव असं तुटलं की ते दुसऱ्याच कार्यालयाचं वाटायला लागलं. नवऱ्याकडची दोन गाड्या भरून माणसं दौलताबादच्या रस्त्यावर भलत्याच मांडवात जाऊन बसली आणि तिथे नाश्ताही करून आली. काकांनी, म्हणजे माझ्या सख्ख्या काकांनी, माझ्याशी महिनाभर बोलणं टाकलं होतं.

तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही हसून हसून खोकायला लागलात. काकूंनी पाठीवरून हात फिरवला. आणि खोकला थांबल्यावर तुम्ही जे म्हणालात ते मी विसरणार नाही. "अगं, घोडा नवरदेवाला बसवायला आनला होता. तू त्याच घोड्यावर भाजी आनायला धाडलंस."

मी म्हटलं, "मग रेघ थोडी जाड करूया ना. म्हणजे लहान आकारातही टिकेल."

तुमचं हसू गेलं. "चूक तू केली, अन् शिक्षा रेघेला?"

इथून आपलं भांडण सुरू झालं आणि ते कधी संपलंच नाही. मी म्हणायचे, काका, आता सगळं मोबाइलवर असतं, लोक तळहाताएवढ्या काचेवर वाचतात. तुम्ही म्हणायचात, मग त्येंच्यासाठी दुसरं अक्षर कर, तुला कुनी आडवलंय? मी म्हणायचे, अक्षर वापरलंच गेलं नाही तर ते मरतं. तुम्ही म्हणायचात, "कुनाला बी जाड करून जगवलं तर मंग ते त्येच कसं ऱ्हाईल?" एकदा रागानं मी म्हटलं की तुमच्या पाट्याही आता कोण लिहून घेतं, शेवटी सगळं फ्लेक्सवर गेलंच ना. बोलल्याक्षणी मला कळलं की हे बोलायला नको होतं. तुम्ही ब्रश रॉकेलमध्ये बुडवलात आणि पुसत बसलात. त्याबद्दल मी माफी मागितली नाही, पुढच्या रविवारी नुसती जिलबी घेऊन आले. तुम्ही ती खाल्लीत. शहराचं नाव बदललं आणि सगळ्या पाट्या बदलाव्या लागल्या, तो विषय निघाला तेव्हा तुम्हीच चेष्टेत म्हणालात, "जुना जमाना असता तर दोन वर्सं शिडीवरून उतरलो नसतो. सारं काम फ्लेक्सवाल्यानं नेलं." म्हणजे तुम्ही मला माफ केलं होतं, असं मी धरून चालले आहे. माफी तेवढी राहिलीच.

मग पुण्याच्या एका कंपनीनं अक्षर पाहिलं. त्यांना ते आवडलं, आपल्या संग्रहात घ्यायचं होतं, पण अट एकच: बारीक रेघ जाड करा, मोबाइलवर टिकत नाही. मी आधी नाही म्हटलं. मग विचार करू म्हटलं. मग तुमचा खोकला वाढला, तुम्हाला दवाखान्यात नेलं, आणि मी मनात म्हटलं की निदान काका असेपर्यंत हे अक्षर कुठेतरी लागू दे. हे मी तुमच्यासाठी करते आहे असं स्वतःला सांगितलं. एका दुपारी बसले आणि सगळ्या बारीक रेघा जवळपास दुपटीनं जाड केल्या. काम चोख झालं. सगळीकडे सारख्या, स्वच्छ, मजबूत. फक्त पाठवायचं बाकी होतं. तशात तुम्ही दोन बोटांत फट धरून मला विचारलंत.

खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? तुम्ही रागावला असतात. रागावायला तरी उठून बसला असतात. हे मला आता सुचतं.

तुम्ही गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सचिन घरी आला. सातव्या दिवशी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता, गल्लीच्या कोपऱ्यावर फ्लेक्स लावायचा होता. फ्लेक्सवाल्यानं पाठवलेला नमुना त्यानं मला मोबाइलवर दाखवला. तुमचा तो निळ्या डागाच्या सदऱ्यातला फोटो, बाजूला कमळं, आणि खाली तुमचं नाव. ते नाव फुगलेल्या पिवळ्या अक्षरात होतं, त्याला लाल कड आणि मागे काळी सावली. काका, मला रडू आलं नव्हतं तोपर्यंत. ते अक्षर पाहून आलं.

मी म्हटलं, "सचिन, नाव मी करून देते. काकांच्या अक्षरात."

तो म्हणाला, "ताई, राग नका मानू. ते अक्षर लई बारीक हाय. लोकांला वाचता नाय आलं तर? पप्पांचं नाव हाय."

त्याचं चुकलं नव्हतं. इतके दिवस मी तुम्हाला हेच तर सांगत होते. मी त्याला म्हटलं, तुझ्या पप्पांच्या रीतीनं बघू. अनोळखी माणसाला वाचता आलं नाही तर फ्लेक्स उतरवायचा, आणि फ्लेक्सवाल्याचा लावायचा. सचिननं तोही छापून घ्यायचं कबूल केलं.

घरी येऊन मी फाइल उघडली, नाव टाइप केलं. 'शेषराव'. छान आलं. लांबून वाचता येईल, मोबाइलवर वाचता येईल, कुठेही वाचता येईल. पण ते तुमच्यासारखं नव्हतं. जसं कुणी तुमचा सदरा घालून दारात उभं राहावं. मी कपाटातून बटर पेपरची गुंडाळी काढली आणि जमिनीवर पसरली.

मग मला एक गोष्ट दिसली, जी इतके दिवस समोर असून दिसली नव्हती. शेवटच्या महिन्यांतल्या कागदांवर तुमचा हात थरथरतो. जाड रेघांच्या कडा पाहिल्या की कळतं, तिथे रंग हलला आहे. बारीक रेघेत मात्र थरथर नाही. 'ष'च्या पोटातली ती तिरकी रेघ, 'शे'ची मात्रा, केसासारखी निघून शेवटी किंचित भरते; एकही जागा हललेली नाही. श्वास रोखून काढायचात म्हणून असेल. मी जाड करताना नेमक्या त्याच रेघा बदलल्या होत्या, आणि थरथरलेल्या तशाच ठेवल्या होत्या.

चार दिवस मी दुसरं काही केलं नाही. नुसत्या नावातली नाही, सगळ्या अक्षरांतली बारीक रेघ परत तुमच्या कागदावरून घेतली. आई जेवायला हाक मारायची तेव्हा रेघ पुरी झाल्यावरच ओ द्यायचे. आईला वाटलं मला राग आलाय. काल सकाळी कंपनीला अक्षर पाठवलं आणि कळवलं की रेघ अशीच राहील, हे अक्षर मोठंच वापरायचं आहे, मोबाइलसाठी हवं तर मी दुसरं करून देईन. त्यांचं उत्तर आलेलं नाही. येईलही, न येईलही. अक्षराचं नाव काय ठेवायचं हेही आपलं ठरलं नव्हतं. मी तुमचं नाव सुचवलं तेव्हा तुम्ही हात झटकलात, "अक्षरानं दुसऱ्याची नावं लिवायची असतेत." तो वाद मी तसाच ठेवते. काहीतरी उरू दे.

आज सकाळी फ्लेक्स लागला. निळ्यावर पांढरं: 'कालकथित शेषराव पेंटर'. खाली तुमचा फोटो, बाकी काही नाही. काकूंनी दारातून बघितलं आणि म्हणाल्या, "जन्मात पयल्यांदा पाटी लागली मानसाची," आणि आत गेल्या. मी आणि सचिन रस्ता ओलांडून पलीकडे उभे राहिलो. फ्लेक्सवाल्यानं केलेली दुसरी गुंडाळी सचिनच्या काखेत होती. परीक्षेला बसतानाही मी कधी एवढी घाबरले नव्हते.

दोन माणसं ओळखीची निघाली, त्यांना जाऊ दिलं. मग हातात पिशवी घेतलेली एक बाई आली, खेड्यातून कुणाकडे तरी आलेली असावी. मी म्हटलं, "मावशी, जरा थांबता का? त्या बोर्डावर काय लिहिलंय, वाचून सांगता?"

तिनं आधी आम्हा दोघांकडे संशयानं पाहिलं. मग डोळ्यांवर हात धरला. ऊन फ्लेक्सवर आलं होतं आणि मला इथून ती बारीक रेघ दिसत होती, पण मला तर नाव आधीच माहीत होतं.

"काल... कथित," ती म्हणाली. थांबली. "शेषराव. शेषराव पेंटर." मग हात खाली घेऊन, "कोन होते?"

"माझे वडील," सचिन म्हणाला.

पहिल्या प्रश्नातून मी सुटलेच म्हणायचं. तेवढ्यात सचिननं, तुम्हाला बघून दुसऱ्या गल्लीनं जाणाऱ्या तुमच्या सचिननं, घसा खाकरला आणि विचारलं, "मावशी, वाकडं तर दिसत नाय ना?"

ती परत बघायला लागली. घाईत नव्हती.

"तिरकं हाय जरा," ती म्हणाली. "पर वाकडं नाय. कुठं तरी निघाल्यावाणी हाय."

ती पिशवी सावरून गेली. सचिन काखेतली गुंडाळी तशीच धरून फ्लेक्सकडे बघत उभा होता, आणि मी त्याच्याकडे बघितलं नाही, कारण त्याला ते नको होतं.

काका, तुम्ही विचारलंत तेव्हा मी हो म्हटलं होतं. रेघ तशीच आहे. नऊ दिवस उशीर झाला.